इलेक्ट्रिक स्टीअरिंगने स्पोर्ट्स कारची मजा घालवली का? (निमित्त: केमन ९८७ की ९८१)

नेकारकाठचा

नमस्कार मंडळी,

जुनी पोर्श केमन घ्यायची ठरवली आहे. बजेट मंजूर, बायको मंजूर (दोनच सीटची गाडी कशाला, हा प्रश्न यापुढे निघणार नाही असा तह झालाय). घोडं अडलंय ते स्टीअरिंगपाशी.

ज्यांना या गाड्यांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९८७ पिढीची सुधारित केमन २००९ ते २०१२ या काळातली. तिला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने मदत करणारं पॉवर स्टीअरिंग आहे. २०१३ पासून विकायला आलेल्या ९८१ मध्ये पोर्शने इलेक्ट्रिक, म्हणजे मोटरने मदत करणारं बसवलं. थोरल्या ९११ मध्ये हाच बदल २०११ साली ९९७ जाऊन ९९१ आली तेव्हा झाला, आणि तेव्हा गाडीवेड्या लोकांत जो गदारोळ उठला तो अजून पुरता शमलेला नाही.

स्टुटगार्टला लागूनच सॉलिट्यूड नावाचं शर्यतींचं जुनं सर्किट होतं, ११.४ किमीचं. १९६५ नंतर तिथल्या शर्यती बंद पडल्या, पण रस्ते सार्वजनिकच असल्याने आजही त्यावरून जाता येतं. त्यातल्या माडेनटालच्या वळणांवर दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. सहकाऱ्याची ९८७ एस आणि एका विक्रेत्याकडची ९८१ एस. वेगमर्यादा पाळून, त्यामुळे कृपया प्रतिसादांत पोलीस चौकी उघडू नये.

९८७ मध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा स्टीअरिंग हातात किंचित हलत असतं. डांबराचं ठिगळ डाव्या चाकाखाली आलं की उजव्या, हे बोटांना कळतं. वळणात शिरताना वजन हळूहळू चढतं, आणि एका ठिकाणी ओला पाला पडला होता तिथे ते क्षणभर उतरलं. गाडी घसरली वगैरे काही नाही, नुसतं हाताला कळलं.

९८१ जास्त चपळ आहे, यात वाद नाही. वळवाल तिथे, वळवाल तितकीच जाते. पण हात शांत. तेच ठिगळ कानाला ऐकू आलं, बुडाला जाणवलं, हाताला नाही.

प्रश्न असा की हा फरक खरोखर मोटरचा आहे की ‘इलेक्ट्रिक म्हणजे वाईट’ हे इतकं वाचून माझं मन आधीच कलुषित झालंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटमाथा

पोर्श आपल्या आवाक्याबाहेर, पण हायड्रॉलिकबद्दल +१००.

माझ्याकडे रांजणगावात बनलेली पुंटो आहे. बाजारात बाकीच्यांनी कधीच इलेक्ट्रिक स्टीअरिंग लावलं होतं, तरी भारतातल्या पुंटो-लिनियाला शेवटपर्यंत हायड्रॉलिकच होतं. गावात पार्किंग करताना हात भरून येतात. पण ताम्हिणीत उतरायला लागली की सगळं माफ. पुढच्या चाकांना किती पकड शिल्लक आहे ते विचारावं लागत नाही. घरातली दुसरी गाडी नवी आहे, तिचं स्टीअरिंग करंगळीने फिरतं आणि ती काहीही सांगत नाही.

अवांतर: रॅकमधून (स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा आडवा दातेरी दांडा) तेल गळायला लागलं तेव्हा एका गॅरेजवाल्याने सरळ ‘अख्खा रॅक बदला’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याने सील किट टाकून काम भागवलं. हायड्रॉलिक घेणार असाल तर आधी असा दुसरा माणूस शोधून ठेवा.

सव्वाशेर

चला, ‘जुनं ते सोनं’चा नवा धागा आला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मंडळी, १९८९ च्या ९६४ पर्यंत ९११ ला पॉवर स्टीअरिंगच नव्हतं. ते आलं तेव्हा हायड्रॉलिकलाही लोकांनी नाकं मुरडली असणारच. आज तेच हायड्रॉलिक देव्हाऱ्यात. वीस वर्षांनी स्टीअर-बाय-वायर (मध्ये दांडाच नाही, नुसत्या वायरीतून संदेश) सगळीकडे झालं की ९८१ च्या इलेक्ट्रिकवर गहिवरून धागे निघतील, लिहून ठेवा.

दुसरं, टायर बघा. ९६४ ला पुढे २०५ मिमी रुंदीचे, ९९७ एस ला २३५, ९९१ एस ला २४५ आणि तेही २० इंची रिमवर. शिवाय ९९१ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ९९७ पेक्षा १०० मिमी लांब. एवढं सगळं बदललं आणि खापर फक्त मोटरवर? गाडीच वेगळी आहे हो.

शेवंताबाई

बाळबोध प्रश्न विचारते, कृपया हलके घ्या. पॉवर स्टीअरिंग म्हणजे मदत. मदत तेलाने केली काय किंवा विजेने केली काय, हाताला फरक का पडावा? आणि इतका त्रास असेल तर कंपन्या तेल सोडून विजेकडे गेल्याच का?

रॅकपिनियन

शेवंताबाई, प्रश्न बाळबोध नाही, सगळ्यात कळीचा आहे. मी याच धंद्यात आहे (स्टीअरिंग कॅलिब्रेशन, कंपनीचं नाव विचारू नये). जरा लांबण लावतो.

दोन्ही प्रकारांत सुरुवात सारखीच होते. स्टीअरिंगचा दांडा पिनियनपर्यंत (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक) जातो त्या वाटेवर टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ खाणारी बारीक पोलादी कांडी. तुम्ही चाक फिरवता, टायर विरोध करतात, मध्ये ही कांडी एखाद-दोन अंश पिळते. हायड्रॉलिकमध्ये त्या पिळाने एक झडप फिरते आणि दाबाखालचं तेल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला जातं. इलेक्ट्रिकमध्ये तोच पीळ सेन्सर मोजतो आणि मोटरला किती करंट द्यायचा ते कंट्रोलर ठरवतो. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर, मदत ती मदत.

घोळ उलट दिशेला आहे. टायरकडून हाताकडे काय येतं?

हायड्रॉलिकमध्ये स्टीअरिंग मध्यावर असताना झडपेतून तेल सरळ टाकीत परत जातं, पिस्टनला ढकलत नाही. म्हणजे त्या थोड्याशा टप्प्यात तुम्ही बिनमदतीची गाडी चालवत असता. रस्त्याचे बारीक धक्के रॅक, पिनियन, दांडा असे सरळ वर येतात. नेकारकाठचा यांना बोटांत जाणवलं ते हेच.

इलेक्ट्रिकमध्ये त्या वाटेवर मोटर कायमची जोडलेली आहे. तिचा रोटर दिसायला एवढासा, पण तो गिअरमधून जोडलेला असतो आणि जडत्व गिअर रेशोच्या वर्गाने वाढतं. रेशो २० असेल तर रोटर दांड्याला ४०० पट जड भासतो. रस्त्याचा हलका थरथराट एवढ्या वजनाला हलवू शकत नाही, तो तिथेच जिरतो. त्यावर गिअरचं घर्षण वेगळं. हे लपवायला सॉफ्टवेअरमध्ये जडत्वाची भरपाई, घर्षणाची भरपाई, स्टीअरिंग मध्यावर परत आणायची भरपाई असे थर चढवावे लागतात. आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

म्हणून मोटर कुठे बसवली याला फार महत्त्व आहे. छोट्या गाड्यांत ती डॅशबोर्डखाली कॉलमवर असते. स्वस्त पडते, बॉनेटखाली जागा लागत नाही. पण लांब दांडा, त्याचे जोड या सगळ्यांतून मदत खाली पोचते, त्यामुळे मध्यावर जरा रबरी वाटतं. चांगल्या स्पोर्ट्स कारमध्ये मोटर खाली रॅकवरच असते, एकतर वेगळ्या पिनियनने किंवा पट्टा आणि बॉलस्क्रू लावून.

आता न आवडणारी गोष्ट. रस्त्याची माहिती आणि रस्त्याचा त्रास एकाच वाटेने वर येतात. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं, ब्रेकची डिस्क वाकडी झाली, तर स्टीअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक वर्कशॉपला येतं. ‘स्टीअरिंगला फील नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्या आठवणीत कोणीही आलेलं नाही. हायड्रॉलिकमध्ये हे दोन वेगळे करायची फारशी सोय नव्हती. इलेक्ट्रिकमध्ये ती आहे, आणि सोय असली की वरिष्ठ ती वापरायला लावतात. थरथर कापायची म्हटली की तिच्या आजूबाजूचं खरं बोलणंही कापलं जातं. हा निर्णय बैठकीत होतो, मोटर करत नाही.

आणखी एक. वळणात वजन चढतं-उतरतं ते कशाने? टायरवरचा बाजूचा जोर बरोबर मध्यावर लागत नाही, दोन-चार सेंटिमीटर मागे लागतो. त्या अंतरामुळे चाक सरळ व्हायला बघतं आणि ते हाताला वजन म्हणून कळतं. पकड संपत आली की टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा आधी घसरायला लागतो, अंतर घटतं आणि वजन उतरतं. म्हणजे पकड सुटायच्या आधी निरोप येतो. ओल्या पाल्यावर त्यांना हाच मिळाला. पण पुढच्या सस्पेन्शनला कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल) जास्त दिला असेल तर त्याचं स्वतःचं वजन शेवटपर्यंत टिकून राहतं आणि हा निरोप त्याखाली दबतो. ही भूमिती आहे, तेल-वीज दोघांनाही सारखीच लागू.

कंपन्या का गेल्या? हायड्रॉलिकचा पंप पट्ट्यावर इंजिनबरोबर सतत फिरतो, तुम्ही हायवेवर सरळ जात असलात तरीही. मोटर लागेल तेव्हाच वीज खाते. युरोपात प्रदूषणाचे नियम आवळत गेले तेव्हा ग्रॅम-ग्रॅम वाचवायची वेळ आली. आणि लेन असिस्ट, आपोआप पार्किंग वगैरे करायचं तर स्टीअरिंग गाडीने स्वतः फिरवायला हवं. साध्या हायड्रॉलिकला ते जमत नाही.

घाटमाथा

दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

खारेशेंगदाणे

रॅकपिनियन यांच्या म्हणण्याला जपानी पुरावा जोडतो. ‘इलेक्ट्रिक आलं आणि फील गेला’ ही गोष्ट तारखांत बसतच नाही.

मोटारीत इलेक्ट्रिक स्टीअरिंग पहिल्यांदा आलं १९८८ मध्ये, सुझुकीच्या सर्वो नावाच्या टीचभर गाडीत. दोनच वर्षांनी होंडाने ते एनएसएक्ससारख्या सुपरकारमध्ये घातलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणाऱ्यांसाठी. मॅन्युअलवाल्यांना बिनमदतीचंच. मग १९९९ ची एस२०००, २००३ ची माझदा आरएक्स-८. सगळी इलेक्ट्रिक. म्हणजे ९९१ वरून रणकंदन सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी.

यातली आरएक्स-८ माझ्याकडे होती. (इंजिनाबद्दल बोलू नये, जखम ताजी आहे. पेट्रोल प्यायची आणि ऑइलही प्यायची.) पण स्टीअरिंग! मोटर रॅकवर, पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, छोटंसं रोटरी इंजिन पुढच्या अॅक्सलच्या मागे सरकवलेलं. तिच्यात बसवून कोणाला विचारलं असतं तर इलेक्ट्रिक आहे हे ओळखता आलं नसतं.

आता त्याच सुमाराची बीएमडब्ल्यू झी-४ घ्या, पहिल्या पिढीची. तीही इलेक्ट्रिक, पण मोटर कॉलमवर. तिच्या स्टीअरिंगला लोकांनी भरपूर नावं ठेवली. आणि गंमत म्हणजे तिची जास्त तडफदार एम आवृत्ती काढताना बीएमडब्ल्यूने परत हायड्रॉलिक बसवलं! म्हणजे घरच्यांनाही माहीत होतं.

सध्या माझदाचीच एनडी मियाटा आहे. तिच्या आधीची पिढी हायड्रॉलिक, हिला दोन पिनियनचं इलेक्ट्रिक. पहिल्याच वळणावर हलकी वाटते, पण गाडी टनभराची असल्याने बाकी सगळं शरीराला कळतं. माझी तक्रार नाही, पण आरएक्स-८ ची सर नाही हेही खरं.

नेकारकाठचा

खारेशेंगदाणे, रॅकपिनियन, मनापासून आभार.

सव्वाशेर, टायरचा मुद्दा ९११ पुरता बिनतोड. पण केमनचं बघा. ९८७ एस ला मूळ टायर पुढे २३५/४०, १८ इंची. ९८१ एस ला पुढे २३५/४०, १९ इंची. रुंदी तीच, बाजूची उंचीही तीच. व्हीलबेस ६० मिमी वाढला, पुढची चाकं एकमेकांपासून थोडी लांब गेली, हे कबूल. पण डांबराचं ठिगळ हाताला कळणं-न कळणं व्हीलबेसने ठरतं का?

सव्वाशेर

नाही ठरत. ठीक आहे, अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

कारण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ठिगळ कळून करायचंय काय? ९८१ जास्त अचूक आहे असं तुम्हीच लिहिलंय. सर्किटवर वेळ लावली तर तीच पुढे जाईल. हायड्रॉलिकची थरथर म्हणजे ‘मी गाडी चालवतोय’ असं वाटायला लावणारं पार्श्वसंगीत. आवडत असेल तर जरूर ऐका, पण त्याला माहिती म्हणू नका.

खारेशेंगदाणे

ओला पाला ही माहिती नाही?

सव्वाशेर

दिसतो की तो. काचेतून.

घाटमाथा

सव्वाशेर, पावसाळ्यात रात्री आंबेनळी घाट उतरून दाखवा आणि मग काचेतून काय दिसतं ते सांगा. शेवाळ, डिझेलचा तवंग, दरडीची बारीक माती. यातलं काहीही हेडलाइटमध्ये दिसत नाही, पण स्टीअरिंग हलकं पडलं की पाय आपोआप उचलला जातो.

रॅकपिनियन

सव्वाशेर यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण ऑफिसात हाच वाद आमच्यातही होतो. अचूकता आणि फील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हाताकडून टायरकडे जाते, दुसरी टायरकडून हाताकडे येते. इलेक्ट्रिक पहिल्यात सरस असू शकतं आणि बहुतेकदा असतंही. दुसऱ्यात मेहनत घेतली तरच जमतं.

मेहनतीची उदाहरणं आहेत. २०१५ ची केमन जीटी-४ बघा, ९८१ चीच, इलेक्ट्रिकच. पण पुढचं सस्पेन्शन ९११ जीटी-३ वरून घेतलेलं, रबरी बुशिंगऐवजी कडक जोड. ती साध्या ९८१ पेक्षा बरंच जास्त बोलते. मोटरच फील मारत असती तर हे झालं नसतं.

दुसरीकडे मॅक्लारेनने हट्टाने वेगळी वाट धरली. पंप विजेवर चालतो पण मदत तेलच करतं. १२सी पासून आर्टुरा, ७५०एस पर्यंत तेच. लोटसच्या एमिरालाही हायड्रॉलिक आहे. फेरारीने बरीच वर्षं वाट पाहून २०१७ च्या ८१२ सुपरफास्टमध्ये पहिल्यांदा इलेक्ट्रिक आणलं. आणि आल्फा ४सी किंवा जुनी लोटस एलिस यांना कसलीच मदत नाही, कारण गाडीच इतकी हलकी. ज्याला फील हवा त्याने खरं तर वजन कमी करावं. पण नव्या गाडीचं वजन कमी करणं हे मोटर बदलण्यापेक्षा फार महाग काम आहे.

राहिलं स्पोर्ट बटण. बऱ्याच गाड्यांत ते दाबलं की स्टीअरिंग जड होतं आणि लोक खूश होतात. आमटीत तिखट ओतलं म्हणून चव वाढत नाही. टायरवर काहीही घडत नसताना आलेलं वजन आम्ही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं असतं. मी स्वतः अशा गाड्यांत कायम साधा मोड ठेवतो, त्यात निदान खोटं कमी असतं.

शेवंताबाई

फार रोचक. म्हणजे माझ्या हॅचबॅकमधलं बटण दाबून गेली तीन वर्षं मी स्वतःला रेसर समजत होते ते सगळं सॉफ्टवेअर.

बरं, मग नेकारकाठचा यांनी घ्यायचं काय? धाग्याचा मूळ प्रश्न कोणीतरी सोडवा.

रॅकपिनियन

निवड त्यांची. बघताना काय तपासायचं तेवढं सांगतो.

९८७ असेल तर गाडी थंड असताना सुरू करा आणि स्टीअरिंग टोकापर्यंत दोन्ही बाजूंना फिरवा. पंप कण्हला किंवा मध्येच अडल्यासारखं झालं तर सावध. रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बूट दाबून बघा, आत तेल साठलं असेल तर सील गेलंय. स्टीअरिंगच्या टाकीतलं तेल काळं पडलं असेल तर कोणी कधी बदललेलं नाही. आणि ही गाडी आता जुनी आहे. बुशिंग, टाय रॉड एंड (रॅक आणि चाकामधला सांधा) झिजलेले असतील तर ज्या फीलसाठी ती घेताय तोच नसेल.

९८१ असेल तर पर्यायांची यादी मागा. पॉवर स्टीअरिंग प्लस नावाचा पर्याय होता, कमी वेगात स्टीअरिंग आणखी हलकं करणारा. तुम्हाला तो नको आहे. तुम्ही चालवलेल्या गाडीत तो होता का, हे आधी विचारा.

दोन्हींत चारही टायर एकाच कंपनीचे, पोर्शसाठीची एन खूण असलेले आणि फार जुने नसलेले हवेत. सहकाऱ्याच्या आणि विक्रेत्याच्या गाडीचे टायर वेगळे असतील तर तुमची सॉलिट्यूडची तुलना अर्धी टायरची तुलना होती. विक्रीच्या गाड्यांना स्वस्तातले टायर चढवायची पद्धत सगळीकडेच आहे.

नेकारकाठचा

टायर बघितलेच नव्हते! आज विक्रेत्याला फोन केला. पुढचे दोन वेगळ्या कंपनीचे निघाले, आणि हो, स्टीअरिंग प्लसही आहे त्या गाडीत.

श्वेबिश हाल जवळ एक साधी ९८१ आहे, प्लस नसलेली, मॅन्युअल, टायर एन खुणेचे. शनिवारी सहकाऱ्याला त्याच्या ९८७ सकट घेऊन जातोय. त्याच रस्त्यावर लागोपाठ दोन्ही चालवतो आणि इथे लिहितो.

सव्वाशेर

शनिवारी पाऊस असू दे म्हणजे झालं. आणि जी पार्किंगमध्ये बायकोला जड वाटणार नाही ती घ्या, तहात ते कलम राहून गेलेलं दिसतंय.